मराठीतला राजीनामा

यशवंतभाऊ खांबेटे गेल्याची बातमी आली तेव्हा मी सिलिंडरवाल्याशी भांडत होते. तो म्हणत होता, गल्लीत आतपर्यंत आणणार नाही. मी म्हणत होते, आणल्याशिवाय सही मिळणार नाही. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने हाक मारली, "बहिनजी, ब्रह्मा घाट से फोन है!" आमच्या काशीतल्या दूधविनायकच्या गल्लीत अजूनही निम्म्या घरांचा फोन म्हणजे त्याचाच फोन. पलीकडून सुमनवहिनी, यशवंतभाऊंच्या पत्नी, एवढंच म्हणाल्या, "कमल, हे गेले गं. सकाळी संध्येला बसले ते उठलेच नाहीत. तू ये." मी होते तशी निघाले. संध्याकाळी परतले तर सिलिंडर स्वयंपाकघरात पोचलेला होता आणि सही कुणी मागितली नव्हती. गल्लीला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी इथली हिंदी वर्तमानपत्रं आणून मी पुढ्यात पसरली. एकाने लिहिलं होतं की माजी मंत्री खांबेटे यांनी प्रकृतीच्या कारणास्तव पद सोडलं होतं. दुसऱ्याने पाठीवरून हात फिरवत फिरवत लिहिलं होतं की आयुष्यभर लढलेल्या या कामगार नेत्याने शेवटी समझौत्याचा रस्ता धरला. दोन्ही खोटं. प्रकृती म्हणे! ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या साठी उलटल्यावरही एका दमात चढणारा तो माणूस, वर पोचल्यावर मागे धापा टाकणाऱ्या माझ्यावर हसायचा. आणि समझौता... त्याचं सांगते. तेच सांगायला बसले आहे. महिना झाला त्यांना जाऊन, आणि महिनाभर माझं डोकं तापलेलं आहे.

मी पंचवीस वर्षं या माणसाची टाइपिस्ट होते. त्यांची पत्रकं, निवेदनं, भाषणं, सगळी माझ्या बोटांखालून गेली. त्यातला एक शब्द माझ्या हातून चुकला आणि त्या एका शब्दापायी त्यांना शेवटची वर्षं गद्दार म्हणवून घ्यावं लागलं. ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. त्यांचं मी नेहमीच ऐकत होते असं नाही, पण एवढं ऐकलं. आता ते नाहीत, आणि मी काही त्यांच्या पगारावर नाही. तेव्हा सांगते.

खांबेट्यांचं घर वेदपाठशाळेचं. वडील घनपाठी, ब्रह्मा घाटावर त्यांच्यापुढे मोठमोठे वैदिक वाकायचे. थोरल्या मुलाने गादी चालवावी अशी सगळ्यांची अपेक्षा. पण हा मुलगा अठराव्या वर्षी गंगा ओलांडून पलीकडच्या रेल्वे यार्डात 'नंबर टेकर' म्हणून चिकटला. नंबर टेकर म्हणजे मालगाड्यांच्या बाजूने उन्हातान्हात चालत एकेका डब्याचा नंबर वहीत टिपणारा कारकून. ऋचा उलट्यासुलट्या म्हणायची लहानपणापासूनची सवय, त्यामुळे अख्ख्या मालगाडीचे नंबर त्यांना एकदा पाहून पाठ व्हायचे. एकदा एका साहेबाने वही हरवली म्हणून त्यांच्यावर आरोपपत्र काढलं, तर यांनी त्याच्या टेबलापुढे उभं राहून गाडीचे सगळे नंबर इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत म्हटले, आणि मग गार्डाच्या डब्यापासून इंजिनापर्यंत म्हटले. साहेबाने आरोपपत्र फाडलं. वडिलांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते म्हणाले, "विद्या फुकट गेली नाही म्हणायची. फक्त देवाऐवजी कोळशाच्या कामी आली." मुलाशी ते त्यानंतर बोलू लागले, असं सुमनवहिनी सांगायच्या.

यार्डातली माणसं भोजपुरी बोलणारी. 'य' त्यांच्या जिभेवर 'ज' होतो. यशवंत खांबेटे तिथे 'जसवंत बाबू' झाले आणि मंत्री झाल्यावरही जसवंत बाबूच राहिले.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन काशीला आले तेव्हा हिंदीचा गंध नव्हता. शेजारच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "हमारे बेटे को बहुत अच्छी शिक्षा मिली है," तर मी घाबरून विचारलं, "काय केलं हो त्याने?" यावर सासूबाई वर्षभर हसत होत्या. काशीतलं आमचं मराठी हे असं घरापुरतं, चुलीपुरतं. उंबरठा ओलांडला की हिंदी. आता तर पोरं घरातही 'मी खाना खाऊन घेते' म्हणतात. मी मात्र जिद्दीने हिंदी शिकले, गल्लीतल्या क्लासात हिंदी टाइपिंग शिकले, आणि ही बातमी यशवंतभाऊंना लागली. तोवर ते यार्डातल्या रेल्वे युनियनचे पुढारी झाले होते. ते स्वतः आमच्या घरी आले. युनियनच्या कचेरीत बाई जाणार, तीही गंगेपलीकडे, पॅसेंजर गाडीत बसून, रेल्वेच्या हमालांमध्ये! सासूबाईंनी पदर सावरून सरळ नाही म्हटलं. भाऊ ओसरीवर मांडी घालून बसले. "काकू, तुमच्या सुनेला मी मोर्चात नाचवणार नाही. मला तिची दहा बोटं हवीत. जेवायला ती तुमच्याच घरी येईल." सासूबाई म्हणाल्या, "आणि लोक काय म्हणतील?" भाऊ म्हणाले, "लोक मला इतकी वर्षं म्हणतायत. आता थोडं तिला म्हणतील, मला जरा विश्रांती मिळेल." सासूबाईंना हसू आलं, आणि मला नोकरी मिळाली.

आमची काम करायची एक पद्धत होती, ती इथे सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. भाऊ विचार मराठीत करायचे. भाषण तोंडी करायचे ते हिंदीत, भोजपुरीत, फर्डं. पण लिहायचं म्हटलं की येरझाऱ्या घालत मराठीत बोलायचे, आणि मी ऐकता ऐकता ते थेट यंत्रावर हिंदीत उतरवायची. मधे कच्चा मसुदा नाही, काही नाही. त्यांचे काही मराठी शब्द हिंदीतही तसेच शिरायचे. 'मुकाट्याने' हा त्यांचा लाडका. "हम मुकाट्याने नहीं सहेंगे!" असं ते पहिल्यांदा सभेत गरजले तेव्हा कुणाला काही कळलं नाही, पण ऐकायला झकास वाटलं. मग ती घोषणाच झाली. यार्डातले लोक आपसात म्हणू लागले, "मुकाट मत रहा हो!" उगाच, बघा, चला, असले शब्द तर तिथे कुणाच्याही तोंडी. मला गंमत वाटायची. आमच्या गल्लीत मराठी आटत चाललेलं आणि गंगेपलीकडे कोळशात पसरत चाललेलं.

त्या कोळशावरचीच एक गोष्ट. वाफेच्या इंजिनांचा कोळसा उतरवणं, राख काढणं हे काम ठेक्यावरच्या मजुरांकडे होतं. ना ते रेल्वेचे, ना कुणाचे. पाळी संपली की नखशिखांत काळी झालेली ती माणसं तशीच घरी जायची, कारण अंघोळीला नळ नव्हता. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, उत्तर यायचं की पाण्याची टंचाई आहे. एका मे महिन्यात पाळी सुटल्यावर भाऊ त्या सगळ्यांना घेऊन साहेबांच्या बंगल्यावर गेले. तिथे हिरवळीला रबरी नळीने पाणी चाललं होतं. भाऊंनी सदरा काढला, नळी उचलली आणि पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यावर धरली. मग रांगेने सगळ्यांच्या. खिशातून साबणाची वडी काढली होती, म्हणजे बेत पक्का करूनच आले होते. मेमसाहेब व्हरांड्यात, माळी हात जोडून उभा, हिरवळ काळी... साहेब धावत बाहेर आले तेव्हा अंगाला साबण लावलेला एक जण म्हणाला, "साहेब, दूब के जेतना पानी मिलत बा, ओतने हमहन के दे दा." गवताला मिळतं तेवढं पाणी आम्हाला द्या, बस. तो रामधनी. कोळसावाल्यांचा मुकादम, भाऊंपेक्षा दोन-चार वर्षांनी लहान, आडदांड, आणि भाऊंवर जीव टाकणारा. न्हाणीघर पावसाळ्याआधी बांधून झालं. भाऊंना निलंबनाचा कागद मिळाला, तो त्यांनी न्हाणीघराच्याच भिंतीवर चिकटवला.

अशा माणसाला लोकांनी निवडून दिलं यात नवल नाही. खासदार झाले, आणि या दशकात दिल्लीतलं सरकार बदललं तेव्हा राज्यमंत्री झाले. खातं मजुरांचंच. आमच्या मराठी मंडळींनी भोसले घाटावर सत्कार केला, पगडी घातली. पूर्वी ज्यांनी यार्डातून येणाऱ्या भाऊंना वाट देताना अंग चोरलं होतं, ते सगळे पुढच्या रांगेत, मुलांच्या नोकरीचे अर्ज सदऱ्याच्या खिशात. भाऊ भाषणात म्हणाले, "आज माझ्या अंगाला वास येत नाहीये असं दिसतं. मला तर दिल्लीला गेल्यापासून जास्त येतोय." मी मागे बसून इतकी हसले की यजमानांनी मला कोपराने ढोसलं.

मग वाफेची इंजिनं बंद व्हायला लागली. गंगेपलीकडची शेड थंड पडली, आणि ठेक्यावरच्या त्या कोळसावाल्यांना एका सकाळी सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका. वीस-वीस वर्षं राबलेली माणसं. त्यांना रेल्वेत कायम करून दुसरं काम द्यावं यासाठी भाऊंनी दिल्लीत फाइल उचलली आणि ती घेऊन दारोदार हिंडले. वरून उत्तर यायचं की थोडे पैसे हातावर ठेवा आणि करार करून मोकळे व्हा, समझौता करा. भाऊ म्हणायचे, कायम करा, दुसरी भाषा मला येत नाही. इकडे यार्डात कुजबुज सुरू झालीच होती की मंत्री झालाय, आता हा दबणार. तेव्हा त्यांनी ठरवलं, स्वतः येऊन बोलायचं.

सभेच्या दिवशी दुपारी मी ब्रह्मा घाटावर त्यांच्या घरी यंत्र घेऊन गेले. एरवी ते कागदाशिवाय बोलायचे. पण मंत्री झाल्यापासून त्यांचा प्रत्येक शब्द कुणीतरी टिपून दिल्लीला कळवत असे, म्हणून वाचूनच दाखवायचं ठरलं. वेळ थोडा होता. भाऊ नेहमीसारखे येरझाऱ्या घालत होते. शेवटाकडे येऊन थांबले आणि म्हणाले, "लिहा, कमलताई. तुम्हाला कायम केलं नाही, तर मी राजीनामा देईन. राजीनामा माझ्या खिशात तयार आहे." माझी बोटं थबकली नाहीत. मी लिहिलं, 'यदि आपको स्थायी नहीं किया गया, तो मैं राज़ीनामा दूँगा। राज़ीनामा मेरी जेब में तैयार है।' 'ज'खाली नुक्ता द्यायला विसरले नाही, बघा. तो शब्द मला इतका कचेरीतला, इतका फारसी वाटला, की तो हिंदी नसेल अशी शंकाही आली नाही. शिक्षा शब्दाला एकदा फसलेली मी, हिंदीत मुरलेली मी... आणि भाऊंनी कागदावरून नजर फिरवली तेव्हा त्यांनाही काही खटकलं नाही. खटकणार कसं? घरातलाच शब्द होता.

हिंदीत राजीनाम्याला इस्तीफा म्हणतात. त्यागपत्र म्हणतात. आणि राज़ीनामा म्हणजे समझौता. गावाकडे बांधावरून भांडण होतं, कज्जा कचहरीत, म्हणजे कोर्टात, जातो, दोन्ही पक्ष थकतात आणि एका कागदावर राजीखुशीने सह्या करतात, तो राज़ीनामा. यार्डातल्या ज्या माणसाला अक्षरओळखही नव्हती, त्यालाही हा शब्द पक्का ठाऊक होता, कारण प्रत्येकाचा कुठला ना कुठला बांध कचहरीत होता.

शेडच्या बाजूचं मैदान भरलं होतं. कोळसावाले पुढे जमिनीवर बसलेले, मी व्यासपीठाच्या कडेला. भाऊंचा आवाज खणखणीत होता. शेवटचं वाक्य त्यांनी वाचलं, आणि सवयीप्रमाणे, ठसावं म्हणून, पुन्हा वाचलं. आणि खिशावर थाप मारली. "राज़ीनामा मेरी जेब में तैयार है!"

तुम्हाला कायम केलं नाही तर मी समझौता करीन. समझौता माझ्या खिशात तयार आहे. समोरच्या माणसांनी हे ऐकलं.

आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं. रामधनी उठला, भाऊंकडे एकदा पाहिलं, आणि होता तिथेच तोंड फिरवून, व्यासपीठाकडे पाठ करून बसला. मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्यामागचे, रांगेमागून रांग. भाऊंना काही कळेना. ते त्या पाठींकडे बघत आभाराची दोन वाक्यं बोलले. माझ्या बाजूचा एक कारकून पुटपुटला, "राज़ीनामा ही करना था तो मंत्री काहे बने?" आणि तेव्हा मला कळलं मी काय टाइप केलं होतं. त्यानंतर मागून घोषणा सुरू झाल्या, 'बिक गया' वगैरे, आणि पोलिसांनी भाऊंना गाडीत घातलं.

घरी पोचल्यावर मी रडत रडत सांगितलं. भाऊंनी भाषणाचा कागद काढून त्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "इस्तीफा. साधा शब्द होता हो." मी पायांत चपला सरकवल्या आणि म्हटलं, मी आत्ता जाते, रामधनीला सांगते की चूक माझी आहे. तर हा माणूस ताडकन उठून दारात आडवा उभा राहिला. "अजिबात नाही! आज जाऊन सांगितलंत तर ते काय म्हणतील? मंत्र्याने शब्द फिरवला आणि टाइपिस्ट बाईच्या गळ्यात मारला. तुम्हाला त्या यार्डात पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही. वाचताना माझे डोळे उघडे होते, तेव्हा चूक माझी. तुमचं नाव यात येता कामा नये, कमलताई. शब्द माझ्या तोंडून गेलाय. आता त्याचा मराठी अर्थ त्यांना करून दाखवायचा, एवढंच माझ्या हातात आहे."

सुमनवहिनी आतून म्हणाल्या, "म्हणजे मंत्रिपद सोडणार?"

"खिशात आहे म्हणालो ना. तेवढं तरी खरं करतो," भाऊ म्हणाले, आणि मला यंत्रावर कागद चढवायला सांगितला. या वेळी त्यांनी हिंदीत सांगितलं, अक्षर नि अक्षर. त्यागपत्र. कारण एकाच वाक्यात: ज्या कामगारांना मी शब्द दिला होता त्यांना कायम केलं गेलेलं नाही. तारीख मोकळी. तो कागद घडी घालून त्यांनी खिशात ठेवला आणि दिल्लीला गेले. तीन महिने भांडले. फाइल शेवटची नामंजूर होऊन आली त्या दिवशी त्यांनी तारीख घातली आणि कागद वर देऊन आले. वरच्यांनी समजूत काढली, मग सुचवलं की निदान तब्येतीचं कारण लिहा, सगळ्यांचंच बरं दिसेल. भाऊ म्हणाले, "तबीयत मेरी ठीक है. आप अपनी देखिए." तरीही बातमी तब्येतीचीच छापून आली. त्यांनी वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली, मी टाइप केली. एकही छापली गेली नाही. स्लीपरच्या डब्यातून, स्वतःची वळकटी स्वतः उचलून, ते काशीला परत आले. स्टेशनवर मी आणि सुमनवहिनी, दोघीच होतो.

यार्डात त्याचा अर्थ असा लावला गेला की समझौत्यातलं कमिशन खाऊन पचलं नाही, म्हणून आजारी पडला. कोळसावाल्यांनी अखेर हातावर ठेवले ते पैसे घेतले, दुसरं करणार काय? रामधनीने स्टेशनबाहेर दाणे-फुटाणे भाजायची हातगाडी टाकली. भाऊ गप्प घरी बसले असतील असं कुणाला वाटत असेल तर ते त्यांना ओळखत नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात ते पुन्हा पॅसेंजरने पूल ओलांडून जाऊ लागले. रामधनीच्या गाडीवरून रोज पुडी घ्यायचे. रामधनी पुडी बांधून द्यायचा आणि नजर दुसरीकडे ठेवायचा. एक शब्द नाही, चार वर्षं. भाऊ तिथेच उभे राहून सगळे फुटाणे संपवायचे, पुडीचा कागद सरळ करून त्यावरची बातमी वाचायचे, मग युनियनच्या कचेरीच्या दारावरून मुद्दाम चालत जायचे. आत कुणी या म्हणत नसे. मी एकदा चिडून म्हटलं, कशाला तो अपमान करून घ्यायचा रोज? म्हणाले, "मी गेलो नाही तर त्यांना वाटेल मला लाज वाटते. मला कशाची लाज?"

आणि काम चालूच. एकेका कोळसावाल्याच्या नावाने कामगार न्यायालयात अर्ज, ठेकेदाराच्या हजेरीपटाच्या नकला, साक्षी. माणसांची नावं, बापांची नावं, कोण कधी लागला, सगळं त्यांना तोंडपाठ. मी टाइप करायची, अर्ज सहीसाठी एका वकिलामार्फत जायचा, भाऊंचं नाव कुठेही नाही. त्यातल्या काहींना पुढे रेल्वेने खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून घेतलं. बरेच तसेच राहिले. मी कितीदा म्हटलं, आता तरी मला बोलू द्या. आमचं कडाक्याचं भांडण व्हायचं. माझ्या मनावर काय ओझं आहे ते त्यांना कळत नव्हतं, किंवा कळून ते हट्टाने दुर्लक्ष करत होते. मला त्यांचा या बाबतीत राग होता आणि अजूनही आहे. स्वतः उपाशी राहून दुसऱ्याला उपकाराखाली ठेवायचं, हे काही मला पटलेलं नाही. दुसऱ्याला त्याची चूक भोगू देणं हाही त्याचा मान असतो.

गेल्या पंधरवड्यात युनियनच्या कचेरीत शोकसभा झाली. नवे सेक्रेटरी सभ्य आहेत, बोलावणं माझ्याकडे रीतसर आलं. माणसं बरीच जमली होती, मेल्यावर जमतात. मागे दाराशी, गमछा खांद्यावर टाकून, रामधनी उभा होता. म्हातारा झालाय. सेक्रेटरींनी शोकप्रस्ताव वाचायला घेतला, जन्म, नोकरी, लढे, न्हाणीघर, आणि मग आलंच: 'स्वास्थ्य कारणों से मंत्री पद त्याग कर...'

मी उभी राहिले. "ये काटिए," मी म्हटलं.

सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले, "बहिनजी, जाने दीजिए. अच्छा ही तो लिखा है."

"झूठ लिखा है," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. हिंदीत, उभ्यानेच. त्या दुपारी मराठीत काय सांगितलं गेलं, मी काय टाइप केलं, राजीनामा आमच्यात कशाला म्हणतात, त्यागपत्रात काय लिहिलं होतं, ते कुणी टाइप केलं. अर्ज कुणी लिहिले तेही सांगितलं. एकाने विचारलं, इतकी वर्षं का नाही बोललात? मी म्हटलं, त्यांनी मना केलं होतं, आणि मी भित्री होते. दोन्ही खरं आहे. मग मी खाली बसले. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मला वाटलं, झालं, आता हे माझ्याकडेही पाठ फिरवणार.

मागून रामधनी वाट काढत पुढे आला. माझ्यासमोर उभा राहिला. "त हमहन पीठ केके देखवली, बहिनजी?" आम्ही पाठ दाखवली ती कुणाला? त्याला उत्तर नकोच होतं बहुतेक. तो गमछ्याने तोंड पुसत राहिला. मग अचानक त्याने विचारलं, "आपके मराठी में राजीनामा माने इस्तीफा. ठीक. त समझौता के का कहल जाला?"

"तडजोड," मी म्हटलं.

"तड़जोड़..." त्याने तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. चला, बघा, उगाच, मुकाट, भाऊंचे किती शब्द त्या तोंडात बसले होते. त्याने मान हलवली. "ना. ई सबद त उनके मुँह से हम कबो ना सुनली."

मग तो सेक्रेटरींच्या टेबलाकडे वळला आणि प्रस्तावाच्या कागदावर आपलं जाड, भाजलेलं बोट ठेवलं. "काटा एके. लिखा, जसवंत बाबू राजीनामा दिहलन." सेक्रेटरींनी लेखणी उचलली, आणि त्यांनी ती टेकवायच्या आत रामधनी पुन्हा म्हणाला, आता सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं, "मराठी वाला!"